राबातले जीव

जमिनीतली खार चालते, हे सुलूच्या ध्यानात नव्या वाडीतल्या पहिल्याच उन्हाळ्यात आलं होतं. सकाळी उठून पाहावं तर वावराच्या खालच्या अंगाला पांढरा पापुद्रा धरलेला असायचा. पुढच्या उन्हाळ्यात तो बांध ओलांडून विहिरीकडे वळला आणि त्याच्या पुढच्याला घराशी येऊन टेकला. भिंतीचा गिलावा गुडघ्याइतक्या उंचीवर सुटायला लागला, बोटानं टोकरलं की पिठासारखा भुरभुरत पडायचा. म्हैस चरायला सोडली की चारा टाकून जमीन चाटत उभी राहायची. उंदरांनीसुद्धा या वावरात बीळ केलं नव्हतं, आणि उंदराला जे कळतं ते आपल्याला कळायला इतकी वर्षं लागली, असं तिला वाटायचं.

तशी ही जमीन त्यांनी मागितली नव्हती. वेल्ह्याच्या डोंगरात, पासलीच्याही वरच्या अंगाला त्यांची वाडी होती. ती धरणात गेली आणि बदल्यात कापूरहोळजवळ, महामार्गाच्या खाली, हे वावर पदरात पडलं. जमीन दाखवायला आणलं तेव्हा भर पावसाळा होता. पावसात सगळीच जमीन काळी दिसते. सुलूचा सासरा सोनबा तेव्हा वाकला होता, चिमूटभर माती जिभेवर ठेवून थुंकला होता आणि म्हणाला होता, "हिच्यात माया न्हाई." पण तोवर डोंगरातल्या घरात पाणी शिरलं होतं. माया नाही म्हणून परत जायचं कुठं?

डोंगरात सोनबाला मान होता. उन्हाळ्यात राब भाजायची वेळ आली की लोक त्याला बोलावून न्यायचे. भाताचं रोप टाकायच्या वाफ्यावर शेण, टहाळे, गवत असे थरावर थर रचायचे, वरून माती भुरभुरायची आणि तो ढीग धुमसत धुमसत भाजून काढायचा. भाजलेल्या जागी तण उगवत नाही, रोप तरारून येतं. थर किती जाड हवा, वारा कुठून हवा, हे सोनबा नुसतं बघून सांगायचा. नुसती आग लावणाऱ्याला तो राब भाजणारा म्हणायचाच नाही. काडी लावण्याआधी तो काठीनं ढिगाच्या चारी अंगांना हलकेच ठोकायचा आणि बोलायचा, "निघा रं बाबांनो, आपापल्या वाटंनं निघा." सरडे, विंचू, मुंग्या, आत निवाऱ्याला आलेलं जे काही असेल ते बाहेर पडेपर्यंत तो बसून राहायचा. एकदा ढिगात तितरीची अंडी सापडली तर त्यानं तो राब तसाच सोडून दुसऱ्या जागी नवा रचला होता. लोक हसले होते, पण त्या हसण्यात कौतुक होतं.

इथलं हसणं निराळं होतं. गेल्या उन्हाळ्यात सोनबानं इथं राब भाजला आणि वारा फिरून धूर महामार्गावर गेला. वरच्या ढाब्याचा मालक चिमाजी जेवणाऱ्या ड्रायव्हरांच्या देखत खाली उतरला. "ए म्हाताऱ्या, हितं काय मसणवटा मांडलाय का? जा की तुझ्या डोंगरात, तिकडं जाळ काय जाळायचं ते!" असं म्हणून त्यानं खरकट्या भांड्यांच्या पाण्याची बादली राबावर ओतली. सोनबानं ओल्या राखेतलं भाताचं एक शीत उचलून बांधावर ठेवलं आणि घरात गेला. त्या दिवसापासून त्यानं अवजाराला हात लावला नव्हता. त्याचं खोरं भिंतीला टेकल्याजागी गंजून गेलं, आणि म्हातारा त्याच्या शेजारी बसून असायचा.

गेल्या साली भात लावलं ते जगलं, पण पावसानं उघडीप दिली तशी पातीची टोकं जळाली आणि लोंब्या आल्या त्या पोचट. तेव्हापासून चिमाजी सुलूच्या नवऱ्याच्या, गेनूच्या मागे लागला होता. त्याला तिथं मुरूम टाकून ट्रक उभे करायचे होते. गेनू कापूरहोळला नजीरच्या गॅरेजात काम करायचा, त्याला रोज येता-जाता चिमाजी गाठायचा. शेवटी एका संध्याकाळी गेनू जेवता जेवता म्हणाला, "मी थकलो बग. ह्ये एक साल तुझं. यंदा दाणा भरला तर त्याला न्हाई म्हणतो. न्हाई भरला तर मुरूम पडू दे."

"आन मामंजी?" सुलूनं विचारलं.

"आबा हितं तरी कुठं हायेत?" गेनू म्हणाला. भिंतीशी बसलेल्या बापाकडे त्यानं पाहिलंही नाही. सुलूनं मात्र पाहिलं. डोंगर गेला, आता पायाखालचं वावरही गेलं तर हा म्हातारा किती दिवस काढेल, याचं उत्तर तिला स्वच्छ दिसत होतं आणि त्यानं तिची झोप उडाली होती.

अशात दीनानाथ भेटले. शेतकी खात्यातून निवृत्त होऊन भोरला राहणारे गृहस्थ. स्कूटर बंद पडली म्हणून नजीरच्या गॅरेजात आले आणि वेळ जाईना म्हणून वावरात उतरले. खारीच्या कडेला एक खुरटं गवत वाढायचं, तेवढंच काय ते हिरवं. त्यांनी ते उपटलं आणि मुळं चष्म्याजवळ धरली.

"हे इथं कसं जगतं, कधी विचार केलात?"

"निलाजरं हाय म्हणून जगतं," सुलू म्हणाली.

दीनानाथ मोकळेपणी हसले. "निलाजरं नाही, त्याला सोबत आहे. याच्या मुळांशी जीव राहतात, जिवाणू. डोळ्यांना दिसत नाहीत. ते मीठ घालवत नाहीत हं, मीठ राहणारच. पण मुळांना ते सोसायचं बळ देतात."

त्यांनी ते गवत पिशवीत घालून नेलं. सुलू विसरूनही गेली होती, पण उन्हाळा तापायला लागला तसे ते परत आले ते काळ्या पुडीची एक पिशवी घेऊन. पुण्यातल्या एका मित्राकडून त्यांनी त्याच गवताच्या मुळांवरचे जिवाणू वाढवून आणले होते. जुन्या शेणखतात गुळाचं पाणी घालून ही पूड सावलीत मुरवायची, मग रोपाच्या वाफ्यात मिसळून वर गवत पसरायचं, रोज पाणी शिंपायचं आणि पावसाच्या तोंडावर त्यात भात पेरायचं. "रोपाच्या मुळांना ते लहानपणीच चिकटले पाहिजेत," ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. "आणि लक्षात ठेवा, हे जिवंत आहे. ऊन दाखवायचं नाही, तापू द्यायचं नाही. आहे ते एवढंच. पुन्हा करायचं म्हटलं तर पुढचा उन्हाळा उजाडेल."

वाफ्याची तयारी होईतो पिशवी कुठं ठेवायची हा प्रश्न नजीरच्या बायकोनं, मलिकानं सोडवला. तिच्याकडे फ्रीज होता. "दुधाच्या पिशवीशेजारी ठेवलंय गं," ती सांगायची. "काल आमच्या सासूनं मिसरी समजून बोट घातलं व्हतं, वेळेवर पाहिलं म्हणून बरं. न्हाई तर तुझ्या वावराआधी हिच्या तोंडात पीक आलं असतं!"

पण गोष्ट गॅरेजात पसरायची ती पसरलीच. गेनू चिडून घरी आला. "समदी इचारत्यात, तुझी बायको किडं पेरनार हाय म्हनं! आता मला 'किडंवाला' म्हणत्यात." सुलूला हे झोंबलं. सासऱ्यानं विचारलं, काळं काय हाय गं ते, तेव्हा तिनं खालमानेनं सांगितलं, "मातीचं औषद हाय, मामंजी." जीव हा शब्द तिनं तोंडातून काढला नाही. आधीच गावाच्या हसण्याचा विषय झालेल्या म्हाताऱ्यापुढे आणखी एक हसण्यासारखी गोष्ट कशाला मांडा, असा तिचा विचार.

आणखी एक गोष्ट सांगायची होती, यंदा राब भाजायचा नाही ही. तीही तिच्यानं सांगवेना. "बाप तुमचा हाय, तुमीच सांगा," तिनं गेनूला सांगितलं. "सांगतो की," तो म्हणाला, आणि त्याच्या डोक्यातून ते गेलं.

शेणखत मुरल्यावर सुलूनं घराजवळच्या उंचवट्यावर वाफा धरला. तिथं अजून खार चढली नव्हती. पाटीमागून पाटी खत ओतताना तिच्या टाचांच्या भेगा मिठानं चरचरत होत्या. सोनबा भिंतीशी बसून नेहमीसारखा बघत होता. खतावर ती गवत पसरायला लागली तशी त्याची नजर बदलली. मग एकदम आवाज आला.

"कडंला थर जाड पडलाय. सारका कर."

सुलूनं दचकून वर पाहिलं. म्हातारा उठला होता. गंजलेलं खोरं हातात घेऊन तो वाफ्याशी आला आणि कड सारखी करू लागला. गेल्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच. तिनं पदर तोंडाला लावला आणि पाणी आणायचं निमित्त करून विहिरीकडे गेली.

त्या दिवसापासून म्हातारा घरात ठरेना. महामार्गाच्या कडेचे करंजाचे टहाळे तोडून आणायचा, वाफ्यावर नीट जुळवून ठेवायचा.

"नुसतं गवत पुरं व्हतं, मामंजी."

"पुरं कसं? टहाळं पायजेतच."

सावली होईल, सुलूला वाटलं. मग त्यानं टहाळ्यांवर बारीक माती चाळून भुरभुरली. ओल टिकेल, सुलूला वाटलं. माणसाला हवं तेच दिसतं आणि सुलूला तेव्हा एकच दिसत होतं, की सासरा दोन घास जास्त जेवतोय. एवढं मात्र होतं, की वाफ्याकडे पाहून कधीकधी तिच्या मनात उगीच चलबिचल व्हायची. आपण हे कुठं तरी पाहिलंय, असं वाटायचं. मग म्हशीला वैरण टाकायची असायची, चूल पेटवायची असायची. तो विचार राहून जायचा. गेनू कामावर जाताना वाफ्यावरून जायचा, पण त्याचं लक्ष घड्याळाकडे.

इंद्रायणी भाताचं बियाणं आणायला सुलू आणि मलिका पहिल्या एस.टी.नं भोरला गेल्या. निघताना सुलू म्हणाली, "मामंजी, वाफ्यावर नजर ठेवा."

"तू जा गं निवांत," सोनबा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर डोंगरातलं जुनं हसू होतं. ते बघूनच ती गेली.

परतताना उन्हं चढली होती. कापूरहोळला उतरून दोघी खाली चालू लागल्या. ढाब्याच्या वळणावर मलिका थबकली. "सुलू, तुमच्याकडं काय पेटलंय गं?"

धूर फार नव्हता. एक बारीक निळसर रेघ, घराशेजारून सरळ वर जाणारी. बियाण्याची पिशवी मलिकाच्या हातात देऊन सुलू पळत सुटली. पळता पळताच तिला आठवलं, आपण हे कुठं पाहिलंय ते. शेण, गवत, टहाळे, वर माती. माहेरी पाहिलं होतं, सासरी पाहिलं होतं. जन्मभर दर वैशाखात पाहिलं होतं.

सोनबा ओलं पोतं हातात घेऊन वाफ्याशी उकिडवा बसला होता. तोंड काजळीनं काळं, भुवया करपलेल्या. वाफा काळा-राखाडी होऊन आतल्या आत धुमसत होता.

"आलीस?" तो म्हणाला. "बग, येक लोट रस्त्याला जाऊ दिला न्हाई. फाटंचा वारा रस्त्याकडनं व्हता, वरचं टहाळं वाळलंच व्हतं, तवाच काडी लावली. सकाळधरनं पोतं घिऊन बसलोय. आता बोलंल का चिमाजी?"

सुलू वाफ्याच्या कडेशी येऊन थांबली.

"तुजं अर्धं काम ऱ्हायलं व्हतं," सोनबा सांगत होता. "समदं रचलं, पर भाजायला कुणी म्हनंना. म्हनलं, पोर मला भिऊन बोलत नसंल, गेल्या वक्ताला तसं झालं म्हणून. ते तुजं औषदबी आता मातीत नीट मुरंल. भाजल्याबिगर खत लागू पडतंय व्हय?" मग तो जरा तिच्याकडे झुकला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "आन घाई न्हाई केली बरं का. चारी अंगांनी काठी ठोकली. निघा रं बाबांनो, म्हनलं. दोन इंचू निघालं, येक सरडी निघाली. मुंग्या सुदीक अंडी घिऊन गेल्या. आत कुनी ऱ्हायलं न्हाई आसं बगितलं, मगच पेटवला."

सुलू खाली बसली. तिनं राखेत हात घातला. वरची राख निवली होती, पण खाली बोटं भाजली आणि तिनं हात काढला नाही. एक शब्द. जीव हा एक शब्द तिनं सांगितला असता तर या माणसानं काडी लावली नसती, वाफ्याशी रात्रंदिवस राखण बसला असता. आता तो सांगितला तर? राखेतले ते मेलेले जीव परत येणार नव्हते. हा म्हातारा मात्र पुन्हा भिंतीशी जाऊन बसला असता, आणि या खेपेला उठला नसता.

मागून मलिका धापा टाकत आली. तिनं वाफा पाहिला, सुलूचं तोंड पाहिलं आणि उघडलेलं तोंड मिटलं.

"लई ब्येस भाजलाय, मामंजी," सुलू म्हणाली.

संध्याकाळी गेनू वाफ्याशी उभा राहिला. "सांगायचं ऱ्हायलं," एवढंच म्हणाला. सुलूनं त्याच्याशी भांडणही केलं नाही. तिच्यात तेवढं त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं कापूरहोळच्या बूथवरून दीनानाथांना फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "पुढच्या वर्षी करू, सूनबाई." पुढचं वर्ष आपल्याकडे नाही, हे त्यांना सांगावं असं तिला वाटलं, पण तेवढ्यात मागचा माणूस घाई करू लागला.

पाऊस वेळेवर आला. राखेत पेरलेलं इंद्रायणी असं उगवलं की बघत राहावं. तण नावाला नव्हतं. रोप गर्द हिरवं, हात फिरवला तर हाताला गार लागणारं. महामार्गावरून जाणारी माणसं थांबून पाहायची. चिमाजीसुद्धा एकदा बांधापर्यंत आला, म्हाताऱ्याकडे न बघता म्हणाला, "रोप बरं धरलंय." सोनबानं मिशीवरून हात फिरवला. त्या दिवशी त्यानं खोरं राखेनं घासून लख्ख केलं आणि जेवताना डोंगरातल्या गोष्टी सांगत बसला. गेनूही हसला. सुलू भांडी उचलायला उठली. जो तो म्हणायचा, यंदा तुमचं साधलं. तिला त्या हिरव्या रोपांकडे बघवत नव्हतं. ती रोपं उंचवट्यावर होती, राखेत होती. खाली त्यांची वाट कोण बघत होतं ते तिला ठाऊक होतं.

लावणीला मलिकाही पदर खोचून उतरली. चिखलात सोनबा पुढे, हात सरसर चालणारे, तोंडानं कसलीशी जुनी लावणीची ओळ पुटपुटणारा. सुलू मागून रोपांच्या मुठी सोडवत होती. प्रत्येक मुठीच्या मुळांना कोळशाचे बारीक कण चिकटलेले होते. ती ते पाण्यात धुवून पुढे द्यायची.

पाऊस होता तोवर भात उभं राहिलं. सुलूच्या मनात वेडी आशा उगवली, की यंदा पाऊस खळणारच नाही. रोज सकाळी ती आधी आभाळ बघायची. मग एका सकाळी ऊन पडलं. दुसऱ्या दिवशीही पडलं. वावरातलं पाणी आटत गेलं, चिखलाला भेगा पडल्या, आणि भेगांच्या कडांवर एका सकाळी ती पांढरी रेघ दिसली. सुलूनं बसून एक पात बोटात धरली. टोक पिवळं पडलं होतं. शेजारच्या पातीचंही. पुढच्या ओळीचंही. तिनं पाहायचं बंद केलं.

भात मेलं नाही, मरतुकडं उभं राहिलं. लोंब्या बाहेर पडल्या तेव्हा सोनबानं एक तोडून तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. हातात काही उरलं नाही.

तो घरी आला, खोरं धुतलं, पुसलं आणि आडव्या वाशाला टांगलं. गेनू ओट्यावर बसला होता. "दे त्या चिमाजीला," सोनबा त्याला म्हणाला. "टाकू दे मुरूम." आवाज शांत होता.

सुलू चुलीपुढे होती. आता सांगावं, असं तिला जिवाच्या आकांतानं वाटलं. आता झाकून कुणाला वाचवायचं होतं? तिनं तोंड उघडलं, पण सोनबाच आधी तिच्याजवळ आला. त्यानं आपला खरबरीत हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"तुज्या त्या औषदाचा काय उपेग झाला न्हाई, पोरी," तो म्हणाला. "पर मनाला लावून घिऊ नगंस. तू लई झटलीस. मातीतच माया न्हाई, त्याला औषद काय करंल?" मग तो दारातून बाहेर, त्या काळ्या उंचवट्याकडे बघत राहिला. "राब मात्र झ्याक भाजला व्हता. व्हय का न्हाई?"

चुलीतलं लाकूड बाहेर येत होतं. सुलूनं ते आत सारलं.

"व्हय, मामंजी," ती म्हणाली. "राब झ्याक व्हता."